कोर्टात लागलेली उचकी

भूत, करणी, अंगात येणं — या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता. धुळ्याच्या एका शाळेत मी सायन्स शिकवायचो, आणि मुलांनी असलं काही विचारलं की सरळ बाकावर उभं करायचो! तरी शिंदखेड्याच्या कोर्टात भरदुपारी जे पाहिलं, ते सांगतो...

साल सत्त्याऐंशी असावं. माझ्या आत्याचा — तिला आम्ही अक्का म्हणायचो — दिराशी विहिरीवरून दावा चालू होता. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दीर म्हणे, विहीर माझी एकट्याची. पाणी गेलं असतं तर अक्काला शेतही त्याच्याच घशात घालावं लागलं असतं. दीर सोडला तर विहीर खोदताना हजर असलेला जिवंत माणूस एकच, शेजारचा नामदेवनाना. आणि त्यालाच दिराने फोडलेलं!

नानाने ईश्वरसाक्ष शपथ ठणठणीत आवाजात घेतली. दिराच्या वकिलांनी विचारलं, विहीर कोणी खोदली?

"धाकला भाऊनी, एकलानी..." आणि उचकी.

पाणी दिलं. थांबेना. टायपिस्टने अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, उचकी पण टाईप करू?"

न्यायाधीश वैतागले. पट्टेवाला हळूच म्हणाला, "साहेब, कोणीतरी यांची आठवण काढतंय. नाव बरोबर आलं की थांबते." वकील "ऑब्जेक्शन" म्हणाले, पण न्यायाधीशांनाही लहानपणी आईने हेच सांगितलं असणार. "घ्या हो नावं, पण लवकर!" नानाने बायको, जामनेरची लेक, व्याही, झालंच तर विकलेला बैल... सगळ्यांची नावं घेतली. उचकी चालूच.

मग अक्का पदर सावरत उठली. "यासनं नाव ले ना, नामदेव!"

"कोणाचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

अक्काने वर बोट दाखवलं. वर पंखा होता. मी घाईने उठलो. "साहेब, तिच्या नवऱ्याचं. ती तोंडाने घेत नाही."

नानाचा चेहरा उतरला. कठडा धरून तो पुटपुटला, "हिरामनदादा..."

उचकी बंद! वकिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. "धाकला..." — हिक्! नानाने हातच जोडले. "दोन्ही भाऊसनी खंदी साहेब! अर्धी अर्धी शे! माले सोडा!" त्यानंतर कितीतरी प्रश्न झाले, एक उचकी नाही.

पुढे निकाल अक्काच्या बाजूने लागला. माझा डॉक्टर मित्र म्हणतो, घाबरला असेल. असेल बुवा... पण मग बायकोच्या नावाने का नाही थांबली?

साक्षीच्या त्या दिवशी परतताना एसटीत मी खुशीत होतो. अक्का मात्र खिडकीकडे तोंड करून बसलेली. शेवटी डोळे पुसत फणकारली, "बारा वरीस व्हयनात, माले एक उचकी नई लागनी. आनि तो नाम्या बरा याद वना त्यासले!"