उघाडीच्या अर्जातली गहाळ ओळ

माझ्या अर्जातले एक वाक्य कार्यालयाने काढून टाकले, असा लेखी आरोप मी नोंदणीकृत टपालाने केला होता. तो खोटा होता, हे आधीच नमूद करतो.

समुद्राच्या बांधातली उघाडी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारी झडप, मोडली आणि धाकट्या भावाच्या भातशेतात खारे पाणी शिरले. शेती तो करतो, पत्रव्यवहार माझ्याकडे. अलिबागच्या कार्यालयात लिपिक बाईंनी अर्ज चाळून सांगितले, "काका, नुकसान सगळं लिहिलंय. दुरुस्ती मागितलीच नाहीत तुम्ही."

बाहेर भाऊ म्हणाला, "दादा, येत्या उधाणाला पानी परत शिरंल. त्याला तुजा कागद वाचता येत न्हाय."

त्याच दिवशी मी आरोप धाडला. पुरावा म्हणून नंतर संगणकावरची मूळ फाइल उघडली. दुरुस्तीची मागणी तिथे होती. छापून पाहिली, तर कागदावर नव्हती.

मी पत्रे अक्षरजुळणीच्या खुणा घालून लिहितो. त्यात टक्क्याच्या चिन्हापुढचा ओळीतला मजकूर खासगी टिपण ठरतो आणि छापला जात नाही. जहाल वाक्यापुढे मी तिथे "सौम्य करावे" असे लिहून ठेवतो, करतो क्वचितच. मी ज्यात लिहितो त्या संपादकात, म्हणजे संगणकावरच्या लेखन-प्रणालीत, लहानमोठ्या ओळी एकसारख्या भरून परिच्छेद नीट करणारी एक आज्ञा आहे. तिने खालच्या ओळीतली मागणी उचलून त्या टिपणाच्याच ओळीत नेऊन बसवली होती, म्हणून तीही टिपण ठरली.

दोष संपादकाचा, असे धरून मी त्याच्या कर्त्यांनाही खरमरीत मसुदा लिहिला. परंतु एकदा तोंडघशी पडलो होतो. म्हणून तो धाडण्याआधी माझ्या सर्व सेटिंग काढून तोच परिच्छेद भरून पाहिला. टिपण आणि मागणी वेगळ्या ओळींतच राहिली. मग एकेक सेटिंग परत घातली. शेवटून तिसरीला मागणी पुन्हा नाहीशी झाली.

ती माझीच होती. टिपणे पडद्यावर फिकट दिसत, माझ्या डोळ्यांना वाचवत नसत. म्हणून चिडून मी संपादकाला बजावले होते की टक्क्याचे चिन्ह साधे अक्षर समजावे. त्याने ते निमूट पाळले. छपाईचा नियम मात्र होता तोच राहिला.

आरोप बिनशर्त मागे घेणारे पत्र मी स्वतः नेऊन दिले. बाईंनी ते उभ्यानेच वाचले.

"मी खोडलं म्हणून लिहिलं होतंत ना?"

"हो. चूक माझी होती."

त्यांनी माझा जुना अर्ज काढला. "मागणी खाली हाताने लिहा. बाजूला सही. तारीख आजची पडेल."

मी मागणी लिहिली. ओळ तिरकी गेली. त्यांनी तिच्याशेजारी शिक्का मारला आणि अर्जाची प्रत पोच म्हणून दिली.

फाटकाशी भावाने विचारले, "आता तरी मागितलीस काय?"

मी पोच पुढे केली. त्याने ती एकच ओळ दोनदा वाचली, कागद खिशात घातला आणि बांधावर मातीच्या गोणी टाकायला निघून गेला. उधाणाला चार दिवस उरले होते.