आरशासारखी दांडी

"माझ्या हातून निघालेल्या जॉबला परत हात लावायची पाळी येत नाय," असं बहिरूकाका एकदा म्हणाले होते. रोशनीच्या शेडमधला तो त्यांचा पहिला दिवस होता. जॉब म्हणजे मशीनवर घडवलेला नग. ही बढाई नव्हती. पेठला पाऊस जास्त पडतो, हे सांगावं त्या सुरात ते बोलले आणि लेथवरची धूळ पुसायला लागले.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या वॉल्व्हच्या एका कंपनीत त्यांची तेहतीस वर्षं गेली होती. पेठकडच्या पाड्यावरून आले तेव्हा कंपनीच्या फाटकावरची नोटीस ते बोट ठेवून वाचायचे. निवृत्त झाले तेव्हा नवे इंजिनिअर ड्रॉइंग घेऊन त्यांच्या मशीनपाशी उभे राहायचे. "काका, एवढं बघता का?" काका बघायचे, आणि बहुतेक वेळा ड्रॉइंगच बदलायचं. निवृत्तीनंतर चार महिने ते घरी बसले. बाकी शरीर ठणठणीत होतं, आजारी पडले ते फक्त हात. दुपारी गादीवर पडल्या पडल्या बोटं आपोआप वळायची, जणू समोर चाक आहे. रोशनीला लेथवर काम करणारा टर्नर हवाय हे कळल्यावर ते स्वतःच चालत आले.

रोशनी वैद्यकीय उपकरणांची इंजिनिअर. लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारी एक सरकारी योजना आहे, तिच्यातून तिचं काम चाललं होतं. ती बनवत होती एक पट्टा. हाता-पायाला मोठी जखम झाली, की तो जखमेच्या वरच्या बाजूला गुंडाळायचा आणि त्यात अडकवलेली बोटाएवढी दांडी पिळायची. पट्टा आवळतो, रक्त थांबतं. मग दांडीचं टोक बक्कलच्या खाचेत अडकवायचं, म्हणजे पीळ सुटत नाही. सीमेवर एकट्या पडलेल्या सैनिकाला तो एका हाताने बांधता यायला हवा होता. कसारा घाटात उलटलेल्या ट्रकच्या क्लीनरलाही.

काकांनी पट्टा हातात घेऊन उलटासुलटा केला. "ताई, हे तर मोळी आवळायचं काम हाय. दोरात काठी घालायची नि पिळायची. आमची आय रोज करायची."

"मग आईनं पेटंट घ्यायला हवं होतं, काका."

"घेतलं असतं की. पण फॉरेस्टवाला आधी मोळीच घेऊन जायचा."

जुन्या टर्नरांची एक रीत असते. जॉब मशीनवरून उतरवायच्या आधी डोळे मिटून त्यावरून नख फिरवायचं. नख कुठे अडकलं, तर ती लाज. काकांनी ही रीत तेहतीस वर्षं पाळली होती. रोशनीच्या ड्रॉइंगमध्ये दांडीच्या मधल्या भागावर नर्लिंग होतं. म्हणजे बोटांना पकड मिळावी म्हणून स्टीलवर उठवलेली बारीक, खरखरीत जाळी. काकांनी दांड्या आणून टेबलावर ठेवल्या, तेव्हा एकीवरही जाळी नव्हती. प्रत्येक दांडी आरशासारखी होती.

"काका, नर्लिंग राहिलं."

"राह्यलं नाय, ठेवलं. तपासायला दिल्लीचे सायब येनार, त्यांच्या हातात काय खरबरीत जॉब देनार?"

रोशनीने दांडी फिरवली. ट्यूबलाइटची एक पांढरी रेघ तिच्यावरून सरकत गेली. आपल्या शेडमध्ये इतकं सुंदर काही तयार झालंय, याचंच तिला भरून आलं. ती काही बोलली नाही. पुढे तिला आठवत राहिलं ते हे न बोलणं.

तपासणीला तिघं आले. दोघं योजनेचे अधिकारी आणि एक सैन्यातले निवृत्त डॉक्टर. नियम साधा होता. टेबलावर रबराचा पाय, त्याच्या कापलेल्या जागेतून पंपाने उसळणारं लाल पाणी. हात ग्लिसरीनमध्ये बुडवायचा, एकाच हाताने पट्टा बांधायचा, एका मिनिटात पाणी थांबवायचं. तीन प्रयत्न. तिसरा प्रयत्न असा माणूस करणार, ज्याने पट्टा याआधी पाहिलेलाच नाही. दोनदा जमलं, तर पट्टा पुढच्या टप्प्यात, म्हणजे खऱ्या इस्पितळांत जाणार. नाहीतर फाइल बंद, आणि शेडही.

पहिल्यांदा डॉक्टरांनीच पट्टा बांधला. दांडीचा अर्धा पीळ बसला आणि ती त्यांच्या बोटांतून निसटून गर्रकन उलटी फिरली. पुन्हा पिळली, पुन्हा निसटली. मिनिट संपलं. पाणी वाहतच होतं.

डॉक्टरांनी दांडी पुसून उजेडात धरली. "काम दागिन्यासारखं आहे," ते म्हणाले. "पण जखमेवर कुणी दागिना घालत नाही."

काका लेथजवळ उभे होते.

"जेवणानंतर उरलेले दोन घेऊ," एक अधिकारी म्हणाला. "याच नगात काही सुधारणा करायची असेल तर करा, मात्र कारण लिहून द्यावं लागेल. ड्रॉइंग चुकलं होतं का?"

रोशनी 'हो' म्हणणारच होती. दोष आपल्या कागदावर घेणं सोपं होतं. शिवाय काकांचं पहिल्या दिवसाचं ते वाक्य तिच्या कानात होतं. ड्रॉवरमधली कानस तिने हातात घेतलीही होती, चार ओरखडे आपणच काढू म्हणून.

"ड्रॉइंग बरोबर व्हतं," काका म्हणाले. "हात माझा चुकला. तसंच लिवा." मग ते रोशनीकडे वळले. "आन् ती कानस ठिवा आधी. अशी धरून भाकरी थापताय का?"

दांडी त्यांनी लेथच्या चकमध्ये, त्याच्या पोलादी जबड्यात, धरली. क्षणभर तिच्यावर अंगठा ठेवला, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग नर्लिंगची चाकं दाबली. स्टील करकरलं, तेलाचा वास आला, आणि आरसा मधोमध फुटल्यासारखा पांढुरका झाला. नर्लिंगने दांडी केसभर फुगते, मग ती बक्कलच्या खाचेत बसत नाही. म्हणून दोन्ही टोकं त्यांनी गुळगुळीतच सोडली. कुठेही मोजलं नाही, सगळं अंदाजाने. शेवटी डोळे मिटून नख फिरवलं. ते खडखडत गेलं. काकांनी मान हलवली.

दुसऱ्यांदा डॉक्टरांनीच बांधला. पंचेचाळिसाव्या सेकंदाला पाणी थांबलं.

तिसऱ्या प्रयत्नाला माणूस हवा होता. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या टपरीवरून सुलाबाई चहाची किटली घेऊन आत आल्या. अधिकाऱ्याने त्यांनाच थांबवलं आणि पट्टा कसा वापरायचा ते एकदा दाखवलं.

"अगं बाय, रगत हाय का हे?"

"पाणी आहे, मावशी. रंग टाकलाय," रोशनी म्हणाली.

"मंग ठीक. मला वाटलं कुणी सायब कापला."

डॉक्टर हसले. सुलाबाईंनी उजवा हात ग्लिसरीनमध्ये बुडवला, डावा पाठीमागे धरला. पट्टा गुंडाळताना बक्कल एकदा अडलं. वीस सेकंद गेले. रोशनीने काकांकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. सांगायला मनाई होती.

सुलाबाईंचं बोट दांडीवर आलं, जाळीवर थांबलं. "अरे, ही तर मोळीची काठी," त्या पुटपुटल्या, आणि मनगटाला एक हिसका देऊन त्यांनी पहिला पीळ मारला. दुसरा. बोटं ग्लिसरीनने थबथबली होती, पण दांडी त्यांच्या हातात खिळल्यासारखी राहिली. तिसऱ्या पिळाला धार बारीक झाली. टोक खाचेत जाऊन बसलं, टक्.

अधिकारी घड्याळावर वाकला होता. डॉक्टर जखमेवर. लाल पाण्याचा एक थेंब कडेला लोंबत होता, पडू की नको असा.

काम पुरं झाल्याशिवाय बहिरूकाका मशीनपासून कधी हललेले नव्हते. तो थेंब पडत नाही, हे त्यांनी एकदा पाहिलं. लेथचं बटण बंद केलं, खुंटीवरची डब्याची पिशवी काढली, चपला पायात सरकवल्या, आणि ते बाहेर पडले.