पार्लरची मासोळी

बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं जड झालं. पाय व्यायामाने बराच परत आला. काठी घेऊन ते गावात फिरू लागले. हात मात्र आला नाही. तो कोपरात वाकून कायमचा पोटाशी बसला. जन्मभर बल्लारशाकडच्या आरा मशीनवर ओंडके ढकललेला माणूस, आणि आता पायजम्याची नाडीसुद्धा दुसऱ्याने बांधून द्यावी लागायची. दुसरं म्हणजे आई, नाहीतर मी. आमचं घर एवढंच.

त्यांचं मागणं एकच होतं. गावाबाहेरच्या बोडीवर एकट्याने मासोळ्या धरायला जायचं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहानसं तळं. आमच्या चिमूरच्या बाजूला गावोगाव असतं. आजारपणाआधी बाबांची सुटी तिथेच जायची. मरळ धरायचे, तीही जिवंत बेडकीवर. आता घोडं अडलं ते तिथेच. बेडकी गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, टोचायला दोन हात लागतात, एकाने तिला धरायचं आणि दुसऱ्याने टोचायचं.

"बेडूक कोण टोचून देईन?" आई विचारायची. "मी येऊ का सोबत?"

"नाई."

"मंग पोरीले घेऊन जा."

"कोणी नाई पायजे."

आईची खरी भीती बेडकाची नव्हती. पाय घसरेल, उन्हात चक्कर येईल, आणि आमच्याकडे वाघ तर असतोच. पण भांडण दरवेळी बेडकापाशी येऊन थांबायचं आणि आई जिंकायची. एकदा ती चिडून म्हणाली, "ज्या दिवशी एका हातानं गरी तयार करून दाखवान, त्या दिवशी जा एकटे. मी अडवलं तर सांगजा." मी तो शब्द धरून ठेवला.

चिमूरच्या बाजारात माझं छोटंसं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराई संपली की दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही आणि मी मोबाईल बघत बसते. त्यातच मला लाकडाची मासोळी दिसली. पोटाला गरी, तोंडाशी प्लास्टिकची पट्टी, दोरी ओढली की पाण्यात अंग हलवत येते. मोठा मासा तिला खरी समजून गिळायला जातो. म्हणजे बेडकी नको, टोचणं नको. घरून बांधून दिली की दिवसभर तीच.

बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "मरळ इतकी येडी नाई." पण त्याच संध्याकाळी खाटेखालून सागवानाचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला लाकूड म्हटलं की सागवानच दिसतं. आमच्याकडे पोळपाट सागवानाचा, देवळाचा दरवाजा सागवानाचा आणि भांडण झालं तर डोक्यात घालायचा पाटही सागवानाचा. बाबांनी तर आयुष्यभर तेच कापलं. मलाही दुसरं काही सुचलं नाही. पार्लरमधल्या कानशीने आणि आईच्या विळ्याने मी तो तुकडा घासत बसले. हाताला फोड आले. नवरीसाठी आणलेली चमचम नेलपॉलिश लावली, काळ्या नेलपॉलिशने डोळे काढले. मासोळी इतकी देखणी झाली की आईने तिला वळून वळून पाहिलं. परसातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडली, तर ती तळाला जाऊन बसली. दोरी ओढली की फरफटत यायची, थांबलं की पुन्हा तळ.

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई म्हणाली. "तुह्या पार्लरची मासोळी लय लाजाळू हाय."

तेव्हापासून घरात तिचं नाव पार्लरची मासोळी असंच पडलं.

चूक सरळ होती. सागवान मुळात जड, त्यात गरी आणि पोटातलं शिसं. हलकं लाकूड हवं होतं आणि ते आमच्या कुंपणातच उभं होतं, पांगारा. मी फांदी तोडली तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं.

"पांगारा का लाकूड हाय?" ते म्हणाले. "त्याची काडीबी जळत नाई."

"आपल्याले जाळायचं नाई बाबा, तरंगवायचं हाय."

वाळलेला पांगारा इतका हलका की हातात धरला आहे की नाही कळत नाही. कानशीखाली भराभर उतरतो. मासोळी एका बैठकीत तयार झाली, तरंगलीही. आणि टाक्यात ओढल्याबरोबर भिंगरीसारखी गरगर फिरायला लागली. दोरीला पीळ पडला, पीळ सोडवताना माझ्या नखाचा तुकडा गेला. फेकून द्यावी असं वाटलं. बाबा खाटेवरून बघत होते आणि हसत होते. लकव्यानंतर त्यांचं हसू एका बाजूने येतं. त्या दिवशी ते हसू पाहून मला मासोळीचा राग आला, आणि थोडं बरंही वाटलं.

गरगर फिरते कारण पोटात वजन नाही, हे कळायला मला बरेच दिवस गेले. आधी मी सागवानासोबत शिशालाही दोष देऊन ते काढूनच टाकलं होतं. मग फाटक्या जाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी आणले, पोटाला खाच पाडली, मणी बसवून पाण्याच्या टाकीची गळती बुजवायच्या पुट्टीने खाच भरली. आता ती सरळ राहिली, पण डावीकडे पळायची. त्यावरचा उपाय सोपा निघाला. दोरी बांधायची नाकातली तारेची कडी चिमट्याने किंचित उजवीकडे वाकवायची. भुवया कोरायचा चिमटा या कामाला फार चांगला. तोंडाची पट्टी मी आधी शाम्पूच्या बाटलीची कापली होती. ती पाण्यात मागे दुमडायची आणि मासोळी मेल्यासारखी यायची. मग जुन्या सीडीचा तुकडा गरम पाण्यात धरून कापला आणि तो टिकला. नेलपॉलिशखाली पाणी शिरून पांगारा फुगला, तेव्हा रंगाआधी पुट्टी पातळ करून अंगभर लावायची, हेही शिकले. गिऱ्हाईकं विचारायची, ताई, हे काय करून राह्यल्या? मी सांगायची, फेशियल.

शेवटी एक अशी झाली की मी दोरी ओढली आणि ती खऱ्या मासोळीसारखी कुशी हलवत आली. मी बाबांना टाक्यापाशी नेलं. चंद्रपूरहून मागवलेला आखूड रॉड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो त्या वाकलेल्या उजव्या हाताच्या बेचक्यात दाबला आणि डाव्या हाताने दोरी गुंडाळायची चरखी फिरवायला लागले. हळू. थांबून. पुन्हा हळू. मासोळी ओंडक्यासारखी नुसती सरकत आली.

मी ती माझ्या हाताच्या वेगावर घडवली होती. बाबांच्या हाताला तेवढा वेग नव्हता.

त्यांनी रॉड माझ्याकडे दिला आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी आईनेही चिडवलं नाही. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा बोडीचं नाव काढणार नाही, आणि त्याला कारण मीच. आधी आशाच नव्हती. आता आशा लावून मोडली होती.

दुसऱ्या दिवशी मी पार्लर उघडलंच नाही. हळू ओढली तरी हलणारी मासोळी हवी होती. जाडी गोल मासोळी हळू वेगात हलत नाही, हे टाक्यात करून करून दिसलं. म्हणून दोन्ही कुशी घासून चपट्या केल्या. नाकातली कडी खाली, पट्टीजवळ आणली. सीडीची पट्टी थोडी रुंद आणि जास्त उभी बसवली. बोडीत शिंगाड्याचे वेल फार, म्हणून पोटाची गरी काढून एकच गरी शेपटीला, टोक वर करून लावली. मी डोळे मिटून बाबांच्या हातासारखी चरखी फिरवत होते. हळू. थांबून. पुन्हा हळू. आई धुणं वाळत घालता घालता थांबली.

"हालली," ती म्हणाली.

पहिल्यांदा आम्ही तिघं बोडीवर गेलो. मी आणि आई पाळीवर मागे उभ्या राहिलो. पाळ म्हणजे बोडीचा बांध. बाबांनी डाव्या हाताने रॉड हलवून मासोळी टाकली, ती जवळच पडली. पुन्हा टाकली. बऱ्याच वेळाने वेलींच्या कडेला पाणी फाटलं आणि रॉड वाकला. मी पुढे झाले, तर त्यांनी न बघता मान हलवली. चरखी इंच इंच फिरली. मरळ काठावर आली, तशी त्यांनी तिच्यावर चपलेसकट पाय ठेवला, रॉड खाली टाकला आणि डाव्या हाताने गरी सोडवली. कुणाचा हात लागला नाही. मरळ हातभर होती. आईने तिचं मिरचीचं कालवण केलं आणि जेवताना ताटात बघत म्हणाली, "उद्या जा."

सकाळी तिनेच रॉड दुपट्ट्याने त्यांच्या पाठीला बांधला, डाव्या हाताने ओढली की सुटेल अशी गाठ मारून. मी मासोळीच्या गरीला पार्लरचा कापूस गुंडाळून वर दोरा घातला, म्हणजे वाटेत टोचायची नाही. तोही एका हाताने सुटणारा. पिशवीत मोबाईल, पाणी आणि डबा. बाबा काठी टेकत वळणापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. आई घरात आली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. मी पार्लरमध्ये एका बाईची भुवई वाकडी कोरली. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

ऊन उतरताना ते आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाचा, चेहरा उन्हाने काळवंडलेला, डबा रिकामा.

"भेटली का?" आईने विचारलं.

"नाई."

लाकूड ओलं ठेवलं तर फुगतं, म्हणून मी मासोळी वाळवायला काढली. कापूस जसाच्या तसा होता. त्यावर माझा दोरा, माझीच गाठ. मासोळी पाण्यात गेलीच नव्हती. माझं डोकं फिरलं. इतके दिवस घासणं, इतके फोड, बुडालेला धंदा.

"बाबा, टाकलीच नाई? दिवसभर करून काय राह्यले होते?"

"बसलो होतो."

"नुसते?"

"हो," ते म्हणाले. "कोणी नव्हतं तिथी."

दवाखान्यात, मोरीच्या दाराबाहेर, खाटेच्या उशाशी, आजारी पडल्यापासून त्यांच्याजवळ सतत कोणीतरी होतं. ते कोणीतरी आम्हीच. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की रागवायला जागाच राहिली नाही. आई परातीत पीठ घेऊन बसली होती. तिचे हात थांबले होते.

"उद्या टाकीन," बाबा तिच्याकडे बघून म्हणाले.

"टाका नाईतर नका टाकू," आई म्हणाली. "पन जाऊन या."