दौलतच्या तोंडचं निंबारे

अंबिका परबांची लालबागच्या चाळीत खानावळ होती, तेव्हा दोन पाळ्यांचे मिळून अठरा गडी त्यांच्याकडे जेवायचे. सगळे कोकणातले. घाटावरचा एकटा दौलत, निफाड तालुक्यातल्या निंबारे गावचा. मिलमध्ये तो साच्यावर, म्हणजे मागावर, होता. जेवायला बसला की त्याचं गाव सुरू व्हायचं.

"आमच्या वेशीतून अंबारीसकट हत्ती जायचा, वहिनी. आणि बारव! शंभर पायऱ्या. खाली उतरलं की भर उन्हात हुडहुडी भरते."

"आणि द्राक्षां केवढी?" कुणीतरी डिवचायचं.

"लिंबाएवढी!"

पंगत हसायची. आमटी वाढता वाढता अंबिकाबाईही हसायच्या, पण कान तिकडेच असायचा. लग्न होऊन देवगडहून आल्या त्या थेट या दोन खोल्यांत. स्टोव्हपुढून उठून कुठे जाणं नव्हतंच.

ब्याऐंशीचा संप लांबला. गडी एकेक करून गावी गेले. उरलेल्यांच्या ताटात वाढायला डब्यात काही राहीना. एका सकाळी दौलतही न सांगता निघून गेला. "तोव गेलो," म्हणून अंबिकाबाईंनी त्याचं ताट मांडणं बंद केलं.

आठव्या दिवशी तो जिन्यात उभा. खांद्यावर बाजरीचं पोतं, मागे हमालाच्या डोक्यावर आणखी एक.

"आईनं दिलंय. म्हणाली, ज्या बाईनं माझ्या पोराला जेवू घातलं तिचं घर उपाशी राहता कामा नये."

त्या दोन पोत्यांवर नऊ माणसं दीड महिना जेवली. अंबिकाबाईंना बाजरीची भाकरी जमेना, तीही दौलतनेच शिकवली. मिल मात्र पुन्हा उघडली नाही. तो कायमचा गावी जायला निघाला तेव्हा म्हणाला, "एकदा येऊन बघा, वहिनी."

ते राहूनच गेलं. चाळ जाऊन टॉवर झाला, नवरा गेला, अंबिकाबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं. यंदा फेब्रुवारीत नात आकांक्षा मैत्रिणींबरोबर नाशिककडच्या वायनऱ्या बघायला निघाली, तेव्हा त्याही पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आजी, तिकडे वाईन असते गं. तू काय करणार?"

"तुमी वाईन पिया. माका निंबाऱ्याक सोडा."

गाडी वेशीशी थांबली आणि त्यांना वाटलं, भलत्याच गावात आलो. हत्ती राहू दे, टेम्पोसुद्धा आरसे मिटून काढावा लागेल एवढी ती कमान. खाली उतरून त्यांनी चहावाल्याला विचारलं.

"दौलत? मुंबईवाला ना? तो काय, पारावर."

पारावरच्या म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "वहिनी?" तो धडपडत उठला आणि आधी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"पोट सुटलां रे तुझां," अंबिकाबाई म्हणाल्या.

पोरी वायनरीकडे गेल्या. दौलतने अंबिकाबाईंना हात धरून बारवेत उतरवलं. पायऱ्या बावीस. तळाला हिरवं पाणी, कोनाड्यात शेंदूर लावलेला दगड. गारवा मात्र खरा होता. दौलत मान खाली घालून उभा राहिला.

"लहान आसा रे."

"लहानच होती. मुंबईत एका खोलीत वीस जण झोपायचो, वहिनी, पाय पसरायला जागा नसायची. मग पडल्या पडल्या गावच मोठं करत न्यायचो."

"माका तो हत्ती दिसायचो," अंबिकाबाई म्हणाल्या. "भांडी घासताना. डुलत डुलत येयचो."

दौलतने मान वर केली. मग दोघं पायरीवर बसली आणि पंगतीतल्या एकेकाचं नाव घेत राहिली. कोण गेलं, कोण कुठे आहे. काही नावं दोघांनाही आठवेनात.

दुपारी दौलतच्या सुनेनं जेवायला वाढलं. मुलाने वाईनच्या द्राक्षांचा घड आणून दाखवला, काळी, वाटाण्याएवढी, आत बिया. अंबिकाबाईंनी दोन खाऊन तोंड वाकडं केलं, तसं घरदार हसलं.

ऊन कलल्यावर आकांक्षा न्यायला आली, तेव्हा आजी ओसरीवर गाढ झोपली होती. सुनेनं डोक्याखाली उशी सरकवली होती. आकांक्षाने हाक मारायला तोंड उघडलं, तर दौलतने ओठांवर बोट ठेवलं आणि तिला बसायला चटई पुढे केली.