भागोजीचं पान

एसटीत कंडक्टर असताना खिडकीतून पिंक टाकणाऱ्यांवर आत्माराम जन्मभर खेकसला. निवृत्त झाल्यावर त्यालाच लेकीसमोर नळीत थुंकावं लागलं. कॅनडातली वेदिका मे महिन्यात पूर्णगडला आली होती. म्हणाली, "डीएनएवरून आपलं घराणं शोधू या, बाबा." घराणं म्हणजे सगळे खलाशी, त्यात शोधायचं काय? पण लेकीचा हट्ट. थुंकला आणि विसरला.

पितृपक्षात तिचा फोन आला.

"बाबा, एकीशी अगदी जवळचं जुळलंय. ब्राझीलची मुलगी आहे, माझ्याच वयाची. साइट म्हणते, तुमची नात तरी असेल, नाहीतर सख्खी पुतणी. खरं सांगा, काय भानगड?"

"अगो, एसटीने मला लांज्यापुढे कधी धाडला नाय, ब्राझील कुठला?" तो हसला, आणि मग 'सख्खी पुतणी' हे शब्द त्याच्या ध्यानात आले.

सख्खा भाऊ त्याला एकच, भागोजी. आगबोटीवर होता. तिकडच्याच समुद्रात पडून बुडाला, अशी कंपनीची तार आली. प्रेत नाही म्हणून दर्भाचा पुतळा जाळला. हौसावहिनीने ऐन तरुणपणी कपाळ पुसलं. आणि वेदिका जन्मली ती त्या तारेनंतर बऱ्याच वर्षांनी.

"त्या पोरीला काय कळवू नको हां," तो कसाबसा म्हणाला.

"कळवलं की. तिच्या वडिलांचं नाव विचारलंय."

दुसऱ्याच दिवशी भागोजीचं पान होतं. तार आली ती तिथी. वहिनीने पहाटेपासून वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर केली आणि पान पडवीच्या कौलांवर ठेवलं. भागोजीच्या पानाला कावळा कधीच शिवला नव्हता. दरवर्षी शेवटी ते गाईपुढे जायचं. "भावाला बोटीवरचं जेवण लागलंय रे, वडे कशाला खातोय," असं वाडीतले म्हणायचे आणि आत्मारामही हसायचा.

आज त्याला हसू येईना. तो रिकाम्या माडाकडे बघत राहिला. कावळा येणार कसा? जेवणारा तिकडे जिवंत बसलाय. आणि हे वहिनीला सांगायचं कोणत्या तोंडाने? नवरा असताना ती उभा जन्म विधवा राहिली होती.

एवढ्यात कावळा आला. काव नाही की घिरटी नाही. सरळ कौलावर उतरला, वडा उचलला आणि गेला.

वहिनीने हात जोडले.  तोच आत्मारामच्या खिशातला फोन थरथरला. वेदिकाचा मेसेज होता: *तिच्या वडिलांचं नाव भागो. भारतातले, बोटीवरून उतरलेले. यंदा जुलैत वारले.*

"कोणाचा हो?" वहिनीने विचारलं.

"वेदिकाचा. माझी तब्येत विचारते."

वहिनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली, पदराने हात पुसले.

"भावजी, कधी गेले ते?"

त्याने फोन खिशात सरकवला.

"इतकी वर्षं कावळा शिवत नव्हता, ते काय वडे कच्चे राहायचे म्हणून?" तिचा आवाज जराही हलला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "आज शिवला. विचारते ते सांगा."

"जुलैत," तो पुटपुटला.

"जुलै काय करायचाय? तिथी विचारून घ्या. इतकी वर्षं चुकीच्या दिवशी वाढलं, आता तरी चूक नको."

आत्मारामने फोन हातात घेतला. *जुलैची कितवी तारीख, ते विचार,* असं त्याने वेदिकाला लिहिलं.