त्या शनिवारच्या दोन याद्या

नांदेड, लातूर आणि उदगीर इथल्या तमाम रसिक माता-भगिनी आणि बंधूंना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, येत्या पंधरवड्यात आपल्याकडे गाण्याबजावण्याचा सुकाळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी नांदेडच्या नाट्यगृहात हैदराबादची कव्वाल मंडळी. शनिवारी लातूरला क्लासच्या पोरांचा बँड, म्हणजे तीन गिटारी, एक ड्रम आणि घरच्यांच्या शिव्या खाऊन वाढवलेले केस. रविवारी उदगीरला भीमगीतांचा सामना, दोन पार्ट्या समोरासमोर. पुढच्या आठवड्यात नांदेडला सनई, आणि लातूरच्या मंगल कार्यालयात जुन्या सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा, ज्याचा मुख्य गायक दर वर्षी आपल्या निवृत्तीचा कार्यक्रम करतो. आणि आता शेवटची, सर्वांत महत्त्वाची घोषणा — ही यादी करणारा माणूस खोटारडा आहे.

हसलात ना? हसा. मलाही हसू आलं लिहिताना. तीस वर्षं स्टेजवर निवेदन करणाऱ्या माणसाची हीच अडचण असते. आईच्या तेराव्यालाही मी दोन विनोद केले होते, आणि लोक हसले होते. पण ही शेवटची ओळ विनोदाची नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, दाढी करताना आरशालासुद्धा नाही.

आधी यादीबद्दल सांगतो. (बघा, लगेच वळसा घेतला. सवय.) मी जिल्हा परिषदेत कारकून, पण आमच्या भागात मला ओळखतात ते यादीमुळे. दर बुधवारी सकाळी चहाबरोबर मी येत्या दिवसांतले गाण्याचे कार्यक्रम लिहून फोनवरून पाठवतो. कोण गाणार, कुठं, किती वाजता. खाली माझी एखादी खोडी. आधी पन्नास लोक होते, मग वाढत गेले. वकील, मास्तर, व्यापारी, कंडक्टर, डॉक्टर, तबलजी. शेवटी अशी वेळ आली की यादीत नाही म्हणजे कार्यक्रमच नाही. कलाकार मला फोन करायचे, सुधाकरभाऊ, आपलं नाव जरा वर घ्या. मी घ्यायचो. वर घेण्यात जी मजा आहे ती मी तुम्हाला काय सांगू.

आणि ही यादी ग्रुपवर जात नाही, हे लक्षात ठेवा. ग्रुपवर सगळ्यांना सगळं दिसतं. माझी यादी ज्याच्या-त्याच्या फोनवर स्वतंत्र पोचते. शेजाऱ्याला काय आलं ते आपल्याला दिसत नाही. तेच आलं असणार, असं आपण धरून चालतो. का नाही चालणार?

शकुंतलाताई लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या निलंग्याकडच्या. विहारात ढोलकीवर भीमगीतं म्हणत मोठ्या झाल्या, मग कुणा उस्तादांकडं गझल शिकल्या. आवाज कसा होता? मी शब्दांचा धंदा करतो आणि या एका प्रश्नाला माझ्याकडं शब्द नाही. त्या गायला लागल्या की मागच्या रांगेतले लोक शेंगा खायचं थांबायचे. एवढं पुरे. त्यांचे यजमान मारुतीराव एसटीत मेकॅनिक. ग्रीसमध्ये हात बुडवून संध्याकाळी तेच हात तबल्यावर ठेवणारा माणूस. बोलणं मोजकं, फोन जुना, बटणांचा.

बावीस वर्षं माझ्या कार्यक्रमांत ताईंची दोन गाणी ठरलेली असायची. फार झालं तर तीन. आणि दर वेळी त्यांना स्टेजवर बोलावताना मी तोच विनोद करायचो — आजवर ज्या हातानं तुम्हाला सुया टोचल्या, तोच हात आता पेटीवर फिरणार आहे, घाबरू नका. लोक हसायचे. ताई मान खाली घालून हसायच्या. बावीस वर्षं मान खाली. मला वाटायचं, लाजतात.

त्या रिटायर झाल्या आणि त्यांनी ठरवलं, एक पूर्ण संध्याकाळ आपली करायची. आयुष्यात पहिल्यांदा. चौदा गाणी, सात गझला आणि सात भीमगीतं. लातूरमधला एक हॉल घेतला, शनिवार संध्याकाळ, सहा वाजता. पेटी स्वतः वाजवणार, तबल्यावर मारुतीराव, बस. मी आनंदानं फोन केला की निवेदनाची काळजी करू नका, मी नवा कुर्ता शिवायला टाकलाय. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. या वेळी मधी बोलणं नको म्हणते मी. नुसतं गाणं होऊ द्या."

राग कसला, मी म्हणालो. छे छे. मी मोठ्यानं हसलोसुद्धा.

त्याच फोनवर त्यांनी विचारलं की हँडबिलं छापावीत का, चौकात एक फ्लेक्स लावावा का. आणि मी म्हणालो, ताई, कशाला तो खटाटोप? यादी आहे की. यादीत आलं म्हणजे अख्ख्या लातुरात दवंडी पिटल्यासारखं. त्यांनी ऐकलं. हे मी त्यांच्या नकाराच्या आधी म्हणालो होतो, असं तुम्हाला सांगता आलं असतं. तुम्ही कुठं तपासायला येणार? पण ते नंतर म्हणालो. नंतर. म्हणजे तेव्हाच माझ्या मनात कुठंतरी —

असो. असो नाही, सांगतोच.

बुधवारी सकाळी मी यादी लिहिली. सगळ्यांत वर शकुंतलाताई, ठळक अक्षरांत, दोन्ही बाजूंना फुलं. 'लातूरकरांनो, ही संध्याकाळ चुकवाल तर पस्तावाल.' ती यादी मी फक्त ताईंना पाठवली. त्यांचं लगेच उत्तर आलं, हात जोडलेले, तीनदा. मग मी वरच्या चार ओळी पुसल्या आणि उरलेली यादी बाकी सगळ्यांना पाठवली.

झालं. एवढंच. बोट दोनदा हललं असेल.

रागाच्या भरात घडलं असं म्हणू का? पण मंगळवारी रात्री मी जेवलो, झोपलो, सकाळी आंघोळ केली, चहात आलं किसून घातलं, आणि मग केलं. बुधवारपासून शनिवारपर्यंत तीन दिवस होते. एक ओळ पाठवली असती, 'कालच्या यादीत राहून गेलं', तर हॉल भरला असता. ती ओळ मी लिहिलीही नाही. मग पाठवणार काय.

आणि शनिवारी मी गेलो. हो, गेलो! नव्या कुर्त्यात. नांदेडहून एसटीनं, अत्तर लावून. तिसऱ्या रांगेत, मधोमध बसलो. हॉलमध्ये माझ्यासकट अकरा माणसं होती. दवाखान्यातल्या चार-पाच बायका, ज्यांना ताईंनी तोंडी सांगितलं होतं. शेजारचे चौघं. एक म्हातारे गृहस्थ, जे पंखा आहे म्हणून आत आले असावेत. थोड्या वेळानं वॉचमननं मागचे पंखे बंद केले, मागं कुणी नव्हतंच.

ताई अर्धा तास थांबल्या. मग पेटीवर बोटं ठेवली. पहिल्या गझलेत दर ओळीला त्यांचे डोळे दाराकडं जायचे. दुसऱ्या गझलेतही. तिसऱ्या गझलेपासून त्यांनी दाराकडं बघणं सोडलं आणि डोळे मिटून उरलेली बाराच्या बारा गाणी म्हटली. एकही गाळलं नाही. तसं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मी मोठ्यानं वाहवा करत होतो. रिकाम्या हॉलमध्ये माझीच वाहवा परत माझ्यावर येऊन आदळत होती. मला त्या वेळी काय वाटत होतं, विचारता? खरं सांगू? पहिली दोन गाणी होईपर्यंत मला मजा येत होती.

कार्यक्रम संपल्यावर त्या खाली आल्या. म्हणाल्या, यादी पोचली होती ना हो भाऊ सगळ्यांना? आणि माझ्या आधी स्वतःच म्हणाल्या, पोचली की, मीच बघितली, काय सुंदर लिहिलं होतं तुम्ही. मी म्हणालो, ताई, लातूरकरांना आता गाणं नको, गोंगाट पाहिजे. मारुतीराव तबल्याला गवसणी घालत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

खरं नुकसान पुढं झालं. लोक त्यांना रस्त्यात भेटायचे आणि म्हणायचे, अहो ताई, आम्हाला कळलंच नाही. ते खरं बोलत होते. पण ताईंच्या फोनमध्ये तर यादी होती, फुलांसकट! त्या मनात म्हणायच्या, हे सगळे तोंडावर खोटं बोलतायत, मला वाईट वाटू नये म्हणून. सिंधूबाई म्हणून त्यांची एक मैत्रीण होती, पंचवीस वर्षं एकाच वॉर्डात दोघींनी ड्युटी केलेली. तापानं घरात पडल्यामुळं तिला ताईंचा निरोप मिळाला नव्हता. ती यादी वाचणारी, तिनं शपथ घेऊन सांगितलं की यादीत तुझं नाव नव्हतं गं. ताईंनी तिच्यापुढं फोन धरला. सिंधूबाईनं आपल्याला आलेली यादी केव्हाच पुसून टाकली होती; तिला वाटलं आपल्याच डोळ्यांचा दोष. ताईंना वाटलं, पंचवीस वर्षांची मैत्रीण आणि शपथेवर खोटं बोलते. त्या दोघींचं बोलणं बंद झालं. हे ताईंनीच मला सांगितलं. वर म्हणाल्या, तुम्ही एकटे सरळ बोललात भाऊ, लोकांना गाणं नको म्हणून.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. हो. तेव्हा मी दुसरा चहा मागितला.

ताईंनी मग गाणं सोडलं. माझ्या कार्यक्रमात दोन गाण्यांसाठी बोलावलं तर म्हणाल्या, नको, लोकांना जबरदस्ती नको. रियाझ सुटला. पेटी पलंगाखाली गेली. याला आता सात वर्षं झाली. यादी अजून त्यांना जाते. दर बुधवारी हात जोडलेले येतात, पूर्वी तीनदा, आता एकदा. कुठल्याही कार्यक्रमाला त्या येत नाहीत. क्लासच्या पोरांचा बँड होणार, हे यादीआधीच कुठूनसं कळल्यावर मात्र त्यांनी मुद्दाम फोन केला होता. म्हणाल्या, जास्त लोकांना कळवा भाऊ, पोरांचा हॉल रिकामा राहू नये.

म्हणून ही या वेळची यादी. वर बँड आहे, खाली हे सगळं आहे. या वेळी दोन याद्या केलेल्या नाहीत. तुम्हाला जी आली, तीच सिंधूबाईला जाते आणि तीच ताईंना. चहाबरोबर वाचतील. त्यानं काय होईल? माझ्या अंदाजानं काहीच नाही. आवाज म्हणजे काही पलंगाखाली ठेवलेली पेटी नाही, की ओढून काढली, धूळ पुसली आणि वाजवली. हे मला मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. मी आपला समजत होतो, कधीतरी सांगू, ताई रागावतील, मग पुन्हा गातील, आणि मी तिसऱ्या रांगेत गप्प बसेन. पूर्ण कार्यक्रम, एक शब्द न बोलता. काय छान बेत होता.

मागच्या महिन्यात ताईंच्या नातीचं बारसं होतं. मला आग्रहानं बोलावलं होतं. घरात वंदना झाली, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. पाळणा हलायला लागला तशा बायका म्हणाल्या, आजीनंच म्हणायला पाहिजे. ताई नाही-नाही म्हणत उठल्या. पाळण्याची दोरी हातात घेतली. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला सूर वर जायला हवा होता. तो गेला नाही. मधेच खरखरला आणि तुटला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा तिथंच तुटला. मग त्यांनी मान खाली घातली आणि हसल्या. तेच हसणं, मी बावीस वर्षं स्टेजवरून पाहिलेलं.

मी भिंतीला टेकून बसलो होतो, हातात घुगऱ्यांची वाटी. आणि मारुतीराव, ज्यांच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघत नाहीत, ते पाहुण्यांकडं बघत भसकन म्हणाले, "ऐकायला माणूसच आलं न्हाई, म्हणून गेला हो आवाज. न्हाईतर असा नव्हता."