डॉ. कौतिक चौधरींचा लुळा ससा

डॉ. कौतिक चौधरींनी आयुष्यभर मेंदूच्या सुजेचा अभ्यास केला. बुऱ्हाणपुरात याचा अर्थ ते सशांना आजारी पाडतात असा घेतला जाई, आणि तो चुकीचाही नव्हता.

कुत्रा चावला की पोटात टोचायची लस तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. क्वचित एखाद्याला कुत्रा सोडायचा, पण लस धरायची. पाय लुळे पडायचे. डॉक्टरांचे मत असे, की शरीराचे पहारेकरी मेंढीच्या मेंदूवर तुटून पडतात आणि त्या भरात घरच्या मेंदूलाही सोडत नाहीत. हे सिद्ध करायला ते शनवारा मोहल्ल्यातल्या घराच्या पडवीत सशांना मेंढीचा मेंदू टोचत आणि पाय गळण्याची वाट पाहत.

छप्पन साली राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर मुंबईकडे गेले, बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. डॉक्टरांना आजवर नागपूरहून मिळणारे सरकारी अनुदान आता पुढे चालवायचे की नाही, हे पाहायला भोपाळहून एक साहेब निघाले. लुळा ससा दिसला तर प्रयोगशाळा चालू, नाही तर बंद.

लुळा ससा एकच होता आणि त्याची बातमी गल्लीला लागली होती. आजाऱ्याला भेटायला जाण्याची आमच्याकडची रीत कडक. माणसे केळी घेऊन येऊ लागली, "झोप लागते का त्याला?" असे डॉक्टरांच्या आत्याला, धुरपदाबाईंना, हळू आवाजात विचारू लागली. आत्या त्याचे पाय तिळाच्या तेलाने चोळीत.

"आत्या, हात लावू नको. तो बरा झाला तर मी बुडालो."

"लेकराचे पाय गेले अन् तू बसून पाहू राहिला? डाक्टर आहे ना तू?"

साहेब आले तेव्हा ससा लुळाच होता. पण भेटायला जमलेली गर्दी पाहून तो बिथरला, उठला आणि त्याने दोन उड्या मारल्या.

"चालला! चालला रे!" गल्लीतल्या दगा नावाच्या शिंप्याने टोपी उडवली. बायकांनी हात जोडले.

साहेबांनी डॉक्टरांचा हात धरला. "बधाई हो डॉक्टर साहब! दवा क्या दी?"

"काही नाही. आपोआप उठला."

"तो फिर सरकार आपको किसलिए रखे?" साहेबांनी अत्यंत सौजन्याने विचारले आणि ते जीपमध्ये बसले.

जीप वळली आणि ससा बसला. मागचे पाय पुन्हा गळाले. डॉक्टर त्याला उचलून जीपमागे धावत सुटले. "थांबा! आजारी आहे, आजारी आहे!" गल्लीला वाटले, दवाखान्यात निघाले. कडू नावाच्या टांगेवाल्याने त्यांना वर ओढले आणि घोडा दामटला. "हटो, बीमार है!"

रेल्वेचे फाटक बंद होते, म्हणून जीप सापडली. डॉक्टरांनी ससा बॉनेटवर ठेवला. तो कलंडला. साहेबांनी एक पाय बोटाने उचलून सोडला. पाय पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

"हाँ," ते म्हणाले, "बीमारी तो है." आणि वर्षभराची मंजुरी तिथेच तोंडी दिली.

येताना डॉक्टरांनी माव्याची जिलबी घेतली. धुरपदाबाईंनी दारातच ससा काढून घेतला, मग पुडा पाहिला.

"त्याचे पाय पुन्हा गेले, अन् तू जिलबी वाटतो?"

डॉक्टरांनी पुडा गल्लीभर फिरवला. एकानेही जिलबी घेतली नाही.